वन्संचा पिन नंबर

"शुभदा, या दाराला आतून उघडायला काहीच नाही," वन्सं म्हणाल्या.

त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की मला ती त्यांची नेहमीची तक्रारच वाटली. लिमाला येऊन त्यांना तीन आठवडे झाले होते आणि तक्रारींना तोटा नव्हता. इथलं आभाळ महिनोनमहिने भरलेलं असतं, पण पडत काही नाही. इथल्या बायका ओळखदेख नसताना गालाला गाल लावतात. इथे भातात लसूण घालून भाताची चव घालवतात. त्यामुळे मी खिडकीबाहेर बघतच म्हटलं, "जुनी गाडी आहे, वन्सं. तुटलं असेल."

"दोन्हीकडचं?"

मी माझ्या बाजूचं दार चाचपलं. कडीच्या जागी दोन भोकं होती. काच खाली करायचा दांडाही काढून टाकलेला होता. एव्हाना टॅक्सी समुद्राकाठच्या रस्त्याला लागायला हवी होती, आणि समुद्र तर कुठेच दिसत नव्हता.

ही दोन हजार सातची गोष्ट. माझा नवरा श्रीरंग खाणीतली यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत होता आणि कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी पेरूला पाठवलं होतं. आमची कल्याणी तेव्हा सहा वर्षांची होती. वन्सं म्हणजे श्रीरंगच्या थोरल्या बहीण, नलिनी. अमरावतीच्या सरकारी दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नाही, धाकट्या भावाला शिकवलं, आणि त्या भावाने थेट रत्नागिरीची मुलगी पसंत केली. माझ्या बरोबरीच्या मुली नणंदेला सरळ ताई म्हणायच्या. मला मात्र आईने शिकवलेलं "वन्सं"च बरं वाटायचं, कारण या बाईंना ताई म्हणावं इतकी जवळीक काही होत नव्हती. आम्ही भांडलो कधीच नाही. "आमच्या इकडे" आणि "तुमच्या तिकडे" एवढ्या दोन शब्दांवर आमचं सगळं भागायचं.

परदेशात पैसे कसे बाळगायचे याचं श्रीरंगने एक शास्त्रच केलं होतं. सगळी रोकड एका जागी ठेवायची नाही. दोन कार्डं असली तर एकच बाहेर न्यायचं. पिन कागदावर लिहायचा नाही. टॅक्सी फोन करून बोलवायची, रस्त्यात हात दाखवून नाही. आणि पर्समध्ये एक चोराचं पाकीट ठेवायचं. कुणी अडवलंच तर ते काढून द्यायचं, म्हणजे चोरही खूश आणि आपणही खूश.

त्या दिवशी वन्संना अमरावतीच्या मैत्रिणींसाठी लोकरीच्या शाली घ्यायच्या होत्या, त्याही स्वतःच्या पैशाने. म्हणून त्यांचं कार्ड घेतलं आणि माझं घरी ठेवलं. इथवर सगळं शास्त्राला धरून होतं. पण परत निघताना त्यांचे गुडघे बोलायला लागले, फोनवरची टॅक्सी काही येईना, आणि मी हात दाखवला. लिमातल्या टॅक्सीला मीटर नसतो, भाव आधी ठरवावा लागतो. ड्रायव्हरने बोटांनी दहा दाखवले, वन्संनी सहा दाखवले, आणि तो लगेच हो म्हणाला. वन्संना जग जिंकल्यासारखं झालं. इतक्या लगेच हो म्हणणारा टॅक्सीवाला मी त्या गावात पाहिला नव्हता, पण ते तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

"सेन्योर, इथेच सोडा आम्हाला," मी माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हटलं.

ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे नुसतं पाहिलं. पुढच्या वळणावर त्याने गाडी हळू केली. तिथे भिंतीला टेकून दोन माणसं उभी होती. एक पटकन पुढे बसला. दुसऱ्याने वन्संच्या बाजूचं दार बाहेरून उघडलं, त्यांना माझ्या अंगावर ढकललं, आत शिरला आणि दार ओढून घेतलं. एवढ्याशा गाडीत मागे आम्ही तिघं चेपून बसलो. त्याच्या जाकिटातून पिस्तूल निघालं आणि वन्संच्या बरगडीला टेकलं.

ते खरं होतं की खेळण्यातलं, हे मला आजही सांगता येणार नाही. तेव्हा मात्र ते खरंच होतं.

"ओरडायचं नाही. खाली बघा," तो म्हणाला.

"काय म्हणून राहिला हा?" वन्संनी विचारलं.

"खाली बघा म्हणतोय. बघा, वन्सं."

वन्संनी मान खाली घातली. कुणाचं सांगणं त्यांनी मुकाट्याने ऐकलंय हे मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि त्याची मला पिस्तुलाहून जास्त भीती वाटली.

मी चोराचं पाकीट काढून पुढे केलं. पुढच्या माणसाने नोटा बाहेर काढल्या. शंभराची नोट उजेडाकडे धरली, अंगठ्याने घासली आणि ड्रायव्हरला दाखवली. दोघं हसले. मग तो मागे वळला, तेव्हा हसत नव्हता.

ती नोट खोटी होती. श्रीरंगच्या गळ्यात ती कुणीतरी मारली होती, आणि फेकून देण्यापेक्षा चोराला होईल म्हणून त्याने ती त्या पाकिटात ठेवली होती. मला हे त्याने मोठ्या कौतुकाने सांगितलंही होतं. त्याची हुशारी आता आमच्या अंगाशी आली.

"आम्हाला मूर्ख समजता?" त्या माणसाने नोटेचा बोळा करून माझ्या तोंडावर फेकला आणि पर्स हिसकावली. आरसा, रुमाल, कल्याणीच्या गोळ्या, सगळं त्याने मांडीवर ओतलं. मग वन्संची पिशवी. शाली पायाखाली गेल्या. शेवटी चष्म्याची डबी उघडली, तर चष्म्याच्या फडक्याखाली कार्ड.

"कुणाचं?"

"यांचं."

"क्लावे?"

क्लावे म्हणजे पिन. मी वन्संना सांगणार तेवढ्यात पिस्तुलवाला म्हणाला, "आत्ता नको. आधी पोचू दे."

गाडी एका औषधांच्या मोठ्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे थांबली. दुकानाला सगळी काच होती. आत पांढरा उजेड, औषध घेणारी चारदोन माणसं आणि कोपऱ्यात पैसे काढायचं मशीन. दाराशी जाड जाकीट घातलेला, कमरेला बंदूक लावलेला पहारेकरी. तिकडे त्याला ग्वाचिमान म्हणतात. इंग्रजांच्या वॉचमनचं त्यांनी हे करून ठेवलंय. एरवी या शब्दाचं मला हसू यायचं.

"तू जायचं," पिस्तुलवाला मला म्हणाला. "आम्ही गेलो की तो ग्वाचिमान आमच्याकडे बघत बसतो. तुझ्याकडे बघणार नाही. जेवढे निघतात तेवढे काढ. सेन्योरा इथे बसेल. कुणाशी बोललीस किंवा उशीर केलास, तर आम्ही निघून जाऊ, आणि सेन्योरा आमच्याबरोबर येईल. मग तिला शोधत बस."

मी हे वन्संना जसंच्या तसं सांगितलं.

"म्हणजे तू एकटीच जाणार आत?" वन्संनी विचारलं.

"हो."

"अन् आत माणसं आहेत?"

"आहेत. दाराशी बंदूकवाला आहे."

"कोण कोण जाणार तुझ्यासंगं यातलं?"

"कुणीच नाही. वन्सं, नंबर सांगा. ते थांबलेत."

वन्संनी मान वर केली. पिस्तुलवाल्याने त्यांना टोचलं तरी केली. माझ्या डोळ्यांत बघून, दवाखान्यात नवीन नर्सला बजावावं तशा आवाजात त्या म्हणाल्या, "नीट ऐक. नऊ दोन अकरा."

"नऊ, दोन, अकरा?"

"हो. नऊ दोन अकरा. आत गेल्याबरोबर. तिथं उगीच विचार करत बसू नको. कळलं नं?"

"कळलं."

"नक्की कळलं नं, शुभदा?"

"कळलं, वन्सं!" मी जवळजवळ ओरडले. इतक्या साध्या गोष्टीला त्या मला तीनतीनदा का विचारताहेत म्हणून मला त्या स्थितीतही राग आला. मग मी त्या माणसांसाठी तेच आकडे स्पॅनिशमध्ये म्हटले. पिस्तुलवाल्याने ते तोंडातल्या तोंडात घोकले. पुढच्याने उतरून माझं दार उघडून दिलं, एखाद्या सभ्य गृहस्थाने द्यावं तसं.

मी रस्ता ओलांडला. ग्वाचिमानने मला "बुएनास तार्देस, सेन्योरा" म्हटलं आणि मी मान हलवली. एवढं एक वाक्य त्याला सांगायचं होतं. ते वाक्य मला स्पॅनिशमध्ये येतही होतं. पण काचेतून ती पिवळी गाडी दिसत होती, आणि तिच्या मागच्या खिडकीत वन्संचा पांढरा अंबाडा.

मशीनपुढे एक बाई उभी होती. तिचं होईपर्यंत मी खोकल्याच्या औषधांच्या बाटल्यांवरची नावं वाचली. माझी पाळी आली. कार्ड आत सरकवलं. नऊ, दोन, एक, एक.

पिन चुकीचा आहे, असं पडद्यावर आलं.

घाईत दुसरंच बटण दाबलं गेलं असेल. मी हात साडीला पुसले आणि एकेक बटण बघून, मनात म्हणत म्हणत दाबलं. नऊ. दोन. एक. एक.

पुन्हा तेच. खाली आणखी एक ओळ आली होती. एकदाच संधी उरली आहे, नंतर कार्ड परत मिळणार नाही.

मी कार्ड बाहेर काढलं आणि तशीच उभी राहिले. वन्सं पिन विसरल्या होत्या. चाळीस खाटांच्या वॉर्डातलं कुणाला कधी कुठलं इंजेक्शन द्यायचं ते तोंडपाठ असलेली बाई बरगडीला पिस्तूल लागल्यावर स्वतःचा पिन विसरली होती. आता काय करायचं? तिसऱ्यांदा अंदाजाने काही दाबलं आणि कार्ड मशीनने गिळलं, तर गाडीतल्यांना काय दाखवू? ते म्हणतील, हिने मुद्दाम केलं. खोटी नोट देणारी माणसं आम्ही. आमच्यावर कोण विश्वास ठेवणार?

दुकान कोपऱ्यावरचं होतं. साबणांच्या फळीपलीकडे दुसरं दार होतं आणि ते मागच्या रस्त्यावर उघडत होतं. तिथे एक बस थांबली होती. एक मुलगा आईचा हात धरून तिच्यात चढत होता. ते दार मी पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, तिकडे दोन पावलं टाकलीसुद्धा. कल्याणीची शाळा सुटायची वेळ झाली होती. मग मला वाटलं, नंबर तर विचारायलाच हवा. बस, एवढंच. यात शौर्य नव्हतं, माया नव्हती. गणित चुकलं की वही घेऊन बाईंकडे जायचं, तशी मी वळले आणि पुढच्या दाराने बाहेर आले.

मी रिकाम्या हाताने येताना दिसले तेव्हा वन्संनी काचेला तळहात लावला. त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी गाडीत बसले तशा त्या ओरडल्या, "काहून आलीस? काहून परत आलीस तू?"

पिस्तुलवाल्याने त्यांचं तोंड दाबलं आणि मला विचारलं, "पैसे?"

"नंबर चुकला," मी स्पॅनिशमध्ये म्हटलं. "दोनदा चुकला. म्हातारी आहे, सेन्योर, घाबरली आहे, विसरली. तिला मारू नका. विचारते मी पुन्हा."

"विसरली की खोटं बोलली?"

"विसरली. आईची शपथ."

त्याने पिस्तूल बरगडीवरून काढून वन्संच्या कानाखाली लावलं. त्यांच्या कानातली कुडी त्या लोखंडाला लागून टिकटिक वाजत होती, कारण त्यांची मान थरथरत होती. मी हात जोडले.

"खरा नंबर सांगा आता, वन्सं. तुमच्या पाया पडते. खरा सांगा."

त्याने तोंडावरचा हात काढला. वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. अशा बघण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

"मूर्ख आहेस तू," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी डोळे मिटले. "तीन. शून्य. सहा. चार."

"नक्की?"

"तीन शून्य सहा चार. जा."

या वेळी ड्रायव्हर माझ्याबरोबर आला. नवऱ्याने धरावा तसा त्याने माझा दंड धरला होता. ग्वाचिमानने आमच्याकडे पाहिलं आणि मोबाईलमध्ये डोकं घातलं. मी शेवटच्या वेळी कार्ड आत सरकवलं. तीन दाबलं. शून्य दाबलं. सहा दाबताना बोट घामाने घसरलं आणि मला वाटलं, नऊ दाबलं गेलं. संपलं. चार दाबलं आणि डोळे मिटून घेतले. शेजारी ड्रायव्हर श्वास रोखून उभा होता, त्यालाही घाम फुटला होता. मग मशीनच्या पोटात नोटा फडफडायला लागल्या.

पैसे मिळाले की सोडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी सोडलं नाही. गाडी सुरू झाली ती थांबेचना. दुकानं मागे पडली, झाडं मागे पडली. वाळूच्या टेकड्या लागल्या आणि त्यांच्यावर बिनगिलाव्याची, विटांची अर्धी घरं. आतापर्यंत त्यांना आमची गरज होती, आता नव्हती. त्यांचे चेहरे आम्ही पाहिले नव्हते असं नाही, आणि त्यांनाही ते कळत होतं. पुढचे दोघं हलक्या आवाजात वाद घालत होते. मला त्यातला "नंतर" एवढा एकच शब्द कळला. वन्संनी माझं मनगट धरलं होतं. त्यांची बोटं नाडीवर होती आणि ओठ हलत होते. मला वाटलं, रामरक्षा म्हणताहेत. नंतर कळलं, त्या माझे ठोके मोजत होत्या. दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणाल्या.

एका चढावर गाडी थांबली. "उतरा. मागे बघू नका. चालत राहा."

आम्ही उतरलो. वर टेकडी होती, समोर कुणी नव्हतं. मला पक्कं वाटलं की आता पाठीत गोळी बसणार. मी वन्संचा हात धरला आणि आम्ही दोघी वाळूत चालायला लागलो. माझी पाठ इतकी ताठ झाली होती की नंतर आठवडाभर दुखली. गाडी वळल्याचा आवाज आला. मग दूर गेल्याचा. तरी आम्ही चालतच राहिलो. शेवटी वन्सं मटकन वाळूत बसल्या तेव्हा थांबलो.

"थांब," त्या म्हणाल्या, "माझ्याजवळ पैसे आहेत." परकराच्या चोरखिशातून त्यांनी घडी केलेल्या चार नोटा काढल्या. पाचपाचशेच्या. भारतातल्या. आम्ही दोघी त्या नोटांकडे बघत राहिलो. लिमाच्या त्या टेकडीवर त्यांचा चहासुद्धा आला नसता.

"अडीअडचणीला ठेवले होते," वन्सं म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

खाली रस्त्याकडेला एक बाई कढईत काहीतरी तळत होती. तिने आम्हाला पाहिलं आणि काही न विचारता दोन कप गरम काढा दिला. मग तिच्याच फोनवरून मी श्रीरंगला बोलावलं. तो येईपर्यंत वन्संनी माझा हात सोडला नव्हता.

श्रीरंगला आम्ही चोरी झाली एवढंच सांगितलं. पिस्तूल, मशीन, टेकडी, हे सगळं तुकड्यातुकड्याने, पुष्कळ नंतर कळलं त्याला. वन्सं त्यानंतर बदलल्या. "तुमच्या तिकडे" बंद झालं. दर दिवाळीला अमरावतीहून माझ्या माहेरी, रत्नागिरीला, अनारशांचा डबा जायला लागला. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात त्या न बोलावता येऊन महिनाभर उशाशी बसल्या. मला त्याचं कारण ठाऊक आहे असं मी समजत होते. पिन विसरल्याचं त्यांच्या मनाला लागलं होतं. त्यांच्या विसरण्याने दोघींचा जीव जायची वेळ आली होती. मी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. उलट, काढत नाही याचं मला थोडं कौतुकच होतं. ही बाई एवढी कडक, आणि मी तिची केवढी मोठी चूक पोटात घातली!

सोळा वर्षांनी कल्याणी शिकायला जर्मनीला निघाली. आदल्या संध्याकाळी नागपूरच्या आमच्या घरी बॅगा भरणं चाललं होतं. वन्सं मुद्दाम आल्या होत्या, शहात्तरीच्या, काठी घेऊन. श्रीरंगचं शास्त्र पुन्हा सुरू झालं. रोकड एका जागी नको, दोन कार्डं एकत्र नको.

"आणि चोराचं पाकीट, बाबा? खोटी नोट घालून?" कल्याणी म्हणाली. सगळे हसले. "आत्या, तू सांग. तेव्हा नक्की काय झालं होतं? आई तर कधी सांगतच नाही."

"ती कशी सांगेल?" वन्सं पलंगावर टेकून बसत म्हणाल्या. "मी सांगते. तुझ्या बाबाचं शास्त्र ठेव बाजूला. कार्डं येतील अन् जातील. तुझी आई कशी आहे ते ऐक. त्या मेल्यांनी हिला दुकानात पाठवलं अन् मला धरून ठेवलं. दाराशी बंदूकवाला, आत माणसं. मी म्हटलं, दोघीत एक तरी वाचते. त्यांना मराठी कुठं समजत होतं? त्यांच्या तोंडावर हिला सांगितलं, नऊ दोन अकरा! आत गेल्याबरोबर, विचार करत बसू नको. तीनदा विचारलं, कळलं नं? कळलं म्हणाली. अन् ही बया परत आली! हात जोडते मला, खरा नंबर सांगा म्हणून."

"पळून जा म्हणालीस तू तिला?" कल्याणीने विचारलं.

"मग काय! नऊ दोन अकरा हो, म्हटलं. आली पण परत."

श्रीरंग माझ्याकडे बघायला लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं त्याने माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. माझ्या हातात चकल्यांचं ताट होतं, ते मला खाली ठेवावं लागलं.

आमच्या रत्नागिरीत माणूस पोबारा करतो. नऊ दोन अकरा होतो तो त्यांच्या विदर्भात. तसा तो शब्द मलाही ऐकून ठाऊक होता, पण समोर मशीन आणि मागे पिस्तूल असताना मला आकडे नुसते आकडेच ऐकू आले. आणि मी सोळा वर्षं या बाईला मनातल्या मनात माफ करत होते.

जेवणं झाल्यावर वन्सं आतल्या खोलीत आडव्या झाल्या. मी त्यांच्या पायाशी जाऊन उभी राहिले.

"वन्सं, मला ते कळलंच नव्हतं."

"काय?"

"नऊ दोन अकरा. मला तो तुमचा पिन वाटला. मी तो मशीनमध्ये दाबला."

त्या कोपरावर उठल्या. "मशीनमध्ये?"

"दोनदा."

आधी त्यांना समजलंच नाही. मग समजलं आणि त्या हसायला लागल्या. आवाज न करता, पदर तोंडात धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "अगं, मशीनला सांगितलंस तू! मशीन काय पळणार होतं?" मलाही हसू आवरेना. बाहेरून श्रीरंगने काय झालं म्हणून विचारलं तरी आम्हाला सांगता येईना.

मग हसू ओसरलं. वन्संनी डोळे पुसले.

"अन् कळलं असतं तर?"

या प्रश्नाची मला बाहेरच्या खोलीपासून भीती वाटत होती. ती गाडी, तो पांढरा उजेड, साबणांच्या फळीपलीकडचं उघडं दार, सगळं पुन्हा अंगावर आलं.

"खरं सांगू?"

"खरंच सांग."

"गेले असते, वन्सं. मागे दार होतं. घरी कल्याणी होती."

त्यांनी मान हलवली. "जायलाच पाहिजे होतं. मी काही तोंडदेखलं म्हटलं नव्हतं. मनापासून म्हटलं होतं." "पण तू त्या काचेच्या दारातून येताना दिसलीस नं, शुभदा, तेव्हा मला आनंद झाला. इतका आनंद मला जन्मात कधी झाला नाही. आता ही पण मरते माझ्यासंगं, हे दिसून राहिलं होतं डोळ्यांसमोर, लेकरू घरी आहे हिचं, हे पण ठाऊक होतं. तरी झाला. आपण आता एकट्या नाही, एवढंच वाटलं. ओरडले मी तुझ्यावर, ते माझं मलाच ऐकवायला. सोळा वर्षं झाली, अजून त्याची लाज वाटते बाई मला."

मी पायाशी उभी होते ती उशाकडे गेले.

"सरका थोडं," मी म्हटलं.

वन्सं भिंतीकडे सरकल्या आणि त्यांनी मला शेजारी जागा करून दिली.